इंग्रजी शब्दांच्या आडरानात

इंग्रजी शब्दकोश हे एक मोठे आडरान आहे. मळलेल्या पायवाटेने जाणाऱ्याला त्यात भय वाटत नाही. पण वाट सोडून चार पावले आत शिरले, की झाडे अनोळखी, पाखरे अनोळखी आणि दिशाही ओळखू येईनाशा होतात. मराठी माध्यमातून शिकून, खेड्यावरून एस.टी.ने ये-जा करीत महाविद्यालयात आलेल्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांची तर पहिल्याच वर्षी या रानाशी गाठ पडते. उताऱ्यात दर दोन ओळींना एक शब्द अडतो. शब्दकोशात त्याचा अर्थ पाहावा, तर त्या अर्थातच आणखी दोन नवे शब्द बसलेले असतात. अशा वेळी पुष्कळांच्या मनात एक विचार घर करतो, तो असा की, ही भाषा आपल्या कुळीची नव्हे. ती शहरातल्या, शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांची आहे. हा विचार एकदा मनात बसला, की स्पर्धा परीक्षेच्या अर्जापासून मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत तो आपली पाठ सोडीत नाही.

इंग्रजी हा विशेष विषय घेऊन बी. ए. करताना गेली तीन वर्षे मी असे अडलेले शब्द एका वहीत उतरवून ठेवीत आलो आहे. त्या वहीने मला जे दाखवले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू. माझे म्हणणे थोडक्यात सांगायचे तर, प्रत्येक दुर्बोध शब्दामागे कुणीतरी माणूस, काहीतरी काम किंवा कुठली तरी माती असते. ती सापडली की शब्द दुर्बोध राहत नाही. इंग्रजी भाषा श्रीमंत झाली ती असे शब्द लाज न बाळगता लिहून ठेवल्यामुळे. आपण मात्र आपल्या घरचे तसलेच शब्द गावंढळ म्हणून टाकून देत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. ऑक्सफर्डचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १९२८ साली पूर्ण झाला, तेव्हा त्यात ४,१४,८२५ शब्दांचे अर्थ दिलेले होते. एवढे सगळे शब्द येणारा इंग्रज तेव्हाही जन्माला आला नव्हता आणि आजही आलेला नाही. लंडनच्या वकिलाला सुताराचे शब्द येत नाहीत, आणि सुताराला वैद्याचे येत नाहीत. तेव्हा एखादा शब्द न येणे ही काही आपल्याच वाट्याला आलेली नामुष्की नव्हे. प्रश्न एवढाच, की न आलेल्या शब्दाशी ओळख कशी करून घ्यावी. माझ्या वहीतल्या शब्दांची ढोबळमानाने तीन कुळे पडतात. एकेक घेऊन पाहू.

पहिले कूळ परमुलखातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचे. यांत आपल्याकडून गेलेली मंडळी थोडी नाहीत. 'मॉंगूस' हा शब्द पाहा. इंग्रजी व्याकरणात 'गूस' म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, आणि त्याचे अनेकवचन 'गीस'. मग 'मॉंगूस'चे 'मॉंगीस' का होत नाही, असा प्रश्न परीक्षेत विचारतात आणि विद्यार्थी तो अपवाद म्हणून घोकतात. वास्तविक त्यात घोकण्यासारखे काही नाही. हा शब्द म्हणजे आपले मुंगूस! सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत पोचला. त्यात 'गूस' पक्षी मुळी नाहीच. मग त्याचे 'गीस' होणार कोठून? बांधावरून पळणारे मुंगूस ज्याने पाहिले आहे, त्याला या एका शब्दापुरते तरी लंडनकराहून जास्त कळते.

जाड्याभरड्या निळ्या कापडाला आणि त्याच्या विजारीला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. तो शब्द मुंबईतल्या डोंगरीशी जोडला जातो. 'चॉल' म्हणजे आपली चाळ. आणि 'डूलॅली' हा शब्द तर आपल्या रेल्वेच्या वाटेवरचाच आहे. कजगावला किंवा चाळीसगावला गाडीत बसून मुंबईकडे निघाले, की नाशिक रोडनंतर देवळाली लागते. इंग्रजांच्या काळी तेथे लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथे पडून राहत. बोटी निघत त्या हिवाळ्याच्या काही महिन्यांतच. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपे, त्याला महिनोन् महिने काढावे लागत. काम नाही, ऊन मी म्हणते आहे, घरची ओढ लागलेली. काहींचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. अशा माणसाला 'देवळालीचा ताप' चढला, असे ते म्हणू लागले. 'देवळाली'ची झाली 'डूलॅली' आणि आपला 'ताप' किंवा हिंदुस्थानीतला 'तप' झाला 'टॅप'. आजही इंग्लंडात एखाद्याचे डोके फिरले म्हणायचे असेल तर 'तो डूलॅली झाला' म्हणतात; म्हणणाऱ्याला नाशिक जिल्ह्याची गंधवार्ताही नसते. घरापासून हजारो मैलांवर अडकलेल्या एका साध्या शिपायाचे दुःख त्या थट्टेच्या शब्दात जपून राहिले आहे.

अशा शब्दांचा एक भला थोरला कोशच हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तयार केला आणि १८८६ साली तो 'हॉब्सन-जॉब्सन' या चमत्कारिक नावाने प्रसिद्ध झाला. हे नावही आपल्याकडचेच. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांना तसा ऐकू आला आणि ते त्याला तसे म्हणू लागले.

याच कुळातला एक शब्द खास आपल्या खानदेशाचा आहे, तो म्हणजे 'फड'. तमाशाचा फड आपल्याला ठाऊक असतो. पण हा फड पाण्याचा. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षांपूर्वीपासूनचे बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे गावकऱ्यांनी जे भाग पाडले, त्या भागाला फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पुढे ते आळीपाळीने बदलायचे, पाणी कमी असेल तर कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे मिळून ठरवायचे. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या. पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करणारे देशोदेशीचे विद्वान आपल्या इंग्रजी लेखांत हा 'फड' शब्द जसाच्या तसा वापरतात. या व्यवस्थेला त्यांच्या भाषेत नाव नाही, कारण ही व्यवस्था त्यांच्याकडे नव्हती. ज्याची वस्तू, त्याचा शब्द.

दुसरे कूळ जुळवलेल्या शब्दांचे. वैद्यक, भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांतले जे शब्द पाहून घाम फुटतो, ते बहुधा या कुळातले असतात. ग्रीक किंवा लॅटिन भाषेतले लहान लहान तुकडे एकमेकांना जोडून ते केलेले असतात. शाळेत ज्याने समास सोडवले आहेत, त्याने यांना मुळीच भिऊ नये. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस' हा इंग्रजी शब्दकोशातला सर्वांत लांब शब्द म्हणून दाखवला जातो. त्यात ४५ अक्षरे आहेत. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या एका मंडळात तो मुद्दाम लांबी वाढवण्यासाठीच तयार झाला. आता याचा विग्रह करू. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे अतिसूक्ष्म. 'सिलिको' म्हणजे वाळूत असते ते द्रव्य. 'व्हॉल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी. 'कोनि' म्हणजे धूळ. आणि 'ओसिस' म्हणजे विकार. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, एवढाच काय तो अर्थ. राक्षसाचे सोंग उतरवले आणि आत सहा साधे तुकडे निघाले.

ज्वालामुखीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या पायाखालची जमीन पाहू. खानदेशचा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर साचून थंड झालेला लाव्हारस. भूगोलात आपण 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पाठ करतो. ट्रॅप म्हणजे सापळा असे वाटते, पण ते तसे नाही. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला चाळीसगावकडे सातमाळ्याच्या डोंगरांकडे नजर टाकावी. त्यांच्या उतारावरच्या पायऱ्या पाहिल्या की या शब्दाला दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. याच दगडात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत पुढे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक तयार झाले. अशा बदामाच्या आकाराच्या पोकळ्यांच्या दगडाला 'अमिग्डलॉइड' म्हणतात. ग्रीक भाषेत 'अमिग्डले' म्हणजे बदाम. स्फटिकांपैकी काहींना 'झिओलाइट' म्हणतात. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली असा एक खडा तापवून पाहिला, तर तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक नाव त्याने दिले. त्याच पोकळ्यांत आढळणारा 'अपोफिलाइट' तापवला की त्याचे पापुद्रे सुटतात. त्याच्या नावाचा अर्थही तोच. जळगाव भागातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडे विहीर खणताना ते निघतात, पोरे खेळायला नेतात आणि बाकीचे भरावात जातात. शब्द अवघड वाटतो. वस्तू मात्र आपल्या विहिरीच्या काठावर पडलेली असते.

त्या दगडापासून झालेल्या काळ्या मातीलाही शास्त्रात नाव आहे, 'व्हर्टिसॉल'. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे उलथणे, फिरवणे. उन्हाळ्यात काळीला हातहात भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत जाते, पावसात माती फुगते आणि खालची वर येते. जमीन स्वतःच स्वतःला उलथते, म्हणून हे नाव. अशा जमिनीवर कोठे कोठे जे उंचवटे आणि खळगे पडतात, त्यांना शास्त्रज्ञ 'गिलगाइ' म्हणतात. आणि तो शब्द ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या बोलीतला आहे. एका वाक्यात रोमन लोकांचा लॅटिन शब्द आणि आदिवासींचा शब्द शेजारी शेजारी बसतात; इंग्रजीला त्यात कमीपणा वाटत नाही.

या कुळातल्या आणखी एका शब्दावर मला थोडे थांबायचे आहे, कारण तो केवळ कुतूहलाचा शब्द नाही. तो शब्द आहे 'बिसिनोसिस'. ग्रीक भाषेत 'बिस्सोस' म्हणजे तलम वस्त्र. त्यावरून कापूस, ताग, अंबाडी अशा तंतूंच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या विकाराला हे नाव पडले. त्याची एक खूण विलक्षण आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, खोकला आणि धाप लागते. पुढच्या दिवसांत ते कमी होते. म्हणून इंग्रजीत त्याला 'सोमवारचा ताप' असेही म्हणत. पुढे पुढे मात्र धाप कायमची होऊन बसते.

खानदेश हा कापसाचा मुलूख. येथे दिवाळीच्या सुमारास जिन सुरू होतात आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कुणी ना कुणी त्या उडणाऱ्या रुईत हंगामभर उभे असते. आमच्या गल्लीतले एक काका वीस हंगाम जिनात होते. त्यांच्या कागदांवर नेहमी 'दमा' एवढेच लिहिलेले असे आणि ते काय काम करतात, हे त्यांना कुणी विचारल्याचे त्यांना आठवत नाही. त्यांना हाच विकार होता असे मी म्हणणार नाही. ते ठरवणे वैद्यांचे काम. पण एवढे खरे की, कामगारांच्या नुकसानभरपाईचा जो १९२३ चा कायदा होता, त्याच्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती आणि तीत पुढे कापसाच्या धुळीच्या या रोगाची नाव घालून नोंद झाली. दमा कुणालाही होतो; 'बिसिनोसिस' कामामुळे होतो. कागदावर कोणता शब्द पडतो, यावर एका कुटुंबाचा हक्क उभा राहतो किंवा बुडतो. ज्याच्या छातीत तो रोग असतो त्याला तो शब्द ठाऊक नसतो, आणि ज्याला शब्द ठाऊक असतो तो जिनात जात नाही. या दोघांच्या मध्ये उभे राहू शकेल असा माणूस म्हणजे आपल्यासारखा, जिनातल्या कामगाराच्या घरातून येऊन इंग्रजी शिकणारा विद्यार्थी. म्हणून अवघड शब्द शिकणे ही नुसती गुण मिळवण्याची बाब नाही, असे मला वाटते.

आता तिसरे कूळ, कारागिरांच्या शब्दांचे. हे शब्द लहान असतात, पण शब्दकोशात सर्वांत जास्त अडवतात तेच. आपण 'जिन' म्हणतो ते दारूचे नाव नव्हे. 'एंजिन' या शब्दाचे ते शेपूट आहे. फार पूर्वी कोणत्याही युक्तीच्या यंत्राला तसे म्हणत. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला ते नाव चिकटून राहिले. बैलगाडीच्या चाकाचे पाहा. ज्याला आपण तुंबा म्हणतो, त्याला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. संस्कृतातल्या 'नाभि'चा तो सख्खा नातलग आहे. चर्चच्या मधल्या दालनालाही 'नेव्ह' म्हणतात, पण तो शब्द निराळा, लॅटिनमधल्या जहाजवाचक शब्दावरून आलेला. चाकाच्या परिघाचे जे वाकडे लाकडी तुकडे असतात, ज्यांना आपण पुठ्ठे म्हणतो, ते 'फेलो'. शब्द मित्रासारखा ऐकू येतो, पण त्याचा मैत्रीशी संबंध नाही. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालायची खीळ म्हणजे 'लिंचपिन'. इंग्रजी वर्तमानपत्रात एखाद्या संस्थेचा आधार असलेल्या माणसाला 'लिंचपिन' म्हणतात, तेव्हा ते नकळत त्याला बैलगाडीच्या खिळीची उपमा देत असतात. आपले 'जू' आणि इंग्रजांचा 'योक', आपला 'आस' आणि त्यांचा 'ॲक्सल' ही तर एकाच जुन्या घराण्यातली भावंडे आहेत.

'डॉफर' हाही याच कुळातला शब्द. सूतगिरणीत चातीवरच्या भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवणाऱ्या पोराला डॉफर म्हणतात. 'डू' आणि 'ऑफ' हे दोन शब्द एकजीव होऊन 'डॉफ' झाला. जळगावची खानदेश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल चालू असताना तेथल्या कामगारांना हा शब्द इंग्रजीच्या प्राध्यापकांइतकाच ठाऊक असणार. आणि या शब्दाबरोबर एका माणसाची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

जोसेफ राइट हा १८५५ साली इंग्लंडात यॉर्कशर परगण्यात एका गरीब घरात जन्मला. सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर गाढवे हाकू लागला आणि सातव्या वर्षी गिरणीत डॉफर झाला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हते. मग तो स्वतःच्या हिमतीने वाचायला शिकला, रात्रीच्या वर्गात बसला, पुढे आपल्यासारख्याच कामकरी पोरांना थोडे पैसे घेऊन शिकवू लागला. साठवलेल्या पैशांवर तो जर्मनीला निघाला आणि भाडे वाचवण्यासाठी अँटवर्पपासून हायडेलबर्गपर्यंत पायी गेला. १८८५ साली त्याने तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९०१ साली तो ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने केलेले सर्वांत मोठे काम कोणते? इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या बोलींचा कोश. १८९८ ते १९०५ या काळात त्याचे सहा खंड निघाले. ज्या बोलीमुळे शहरी लोक आपल्याला हसतात, त्या बोलीचेच त्याने शास्त्र केले. आणि ऑक्सफर्डला जाऊनही आपली यॉर्कशरची बोली टाकली नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची कथाही फारशी वेगळी नाही. त्याचे संपादक जेम्स मरे हे शिंप्याचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. १८७९ साली त्यांनी लोकांना आवाहन केले, की वाचताना आढळणारा वेगळा शब्द त्याच्या वाक्यासह एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. शिक्षक, पाद्री, गृहिणी, कैदी, वेडेपणामुळे कोंडलेला एक डॉक्टरसुद्धा, अशा असंख्य माणसांनी लक्षावधी चिठ्ठ्या पाठवल्या. त्या चिठ्ठ्यांतून तो कोश उभा राहिला.

आता आपल्याकडे वळू. इंग्रजीत 'रॅटून' असा एक अवघड शब्द आहे. स्पॅनिश भाषेतल्या 'कोंब' या अर्थाच्या शब्दावरून तो आला. एकदा पीक काढल्यावर त्याच खोडाच्या फुटव्यावर घेतलेल्या दुसऱ्या पिकाला 'रॅटून' म्हणतात. कोणतेही पीक असो, इंग्रजीत शब्द हा एकच. आपल्याकडे मात्र उसाचा तो खोडवा, कपाशीची ती फरदड आणि केळीचा तो पिलबाग! मृग नक्षत्राच्या सुमारास लावलेली केळी मृगबाग, पावसाळ्याच्या शेवटी लावलेली ती कांदेबाग. कजगावच्या केळीच्या मळ्यात हे शब्द शाळेत न गेलेला गडीसुद्धा अचूक वापरतो. ज्या भाषेत एका शब्दाच्या जागी तीन शब्द आहेत, ती भाषा दरिद्री कशी म्हणावी?

परंतु हे शब्द टिकतील याची हमी नाही. मोटेचेच पाहा. विजेचा पंप आला आणि मोट गेली. ते ठीकच झाले, बैलांचे आणि माणसांचे हाल वाचले. पण मोटेबरोबर नाडा, सोंदूर, थारोळे आणि बैल ज्या उतारावरून ओढीत जात ती धाव, हे शब्दही गेले. चाकाच्या लोखंडी पट्ट्यालाही धावच म्हणत. माझ्या वर्गातल्या वीस जणांना मी हे शब्द विचारले. चारही सांगणारा एकही निघाला नाही, आणि सगळे शेतकऱ्यांची मुले! आपल्या आजोबांना मात्र ते श्वासासारखे येत होते.

मराठीत शब्द लिहून ठेवण्याची परंपरा नाही असे नाही. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने पंडितांच्या साह्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला; १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. लोक त्याला कौतुकाने मोलेसरशास्त्री म्हणत. पुढे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने मोठे काम केले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ चे पुस्तक म्हणजे खेड्यातल्या शब्दांचे भांडारच. आपल्या अहिराणीची दखल ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ साली 'खानदेशी' म्हणून घेतली गेली, आणि डॉ. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी-मराठी शब्दकोश १९९७ साली प्रसिद्ध झाला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती; १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली आणि खानदेशच्या शेतातले शब्द साऱ्या महाराष्ट्राला कळले. २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. तरीही वर्गात कुणी 'डोळा'ऐवजी 'डोया' म्हणाला, की आपणच आधी हसतो. राइटला हसणारे निदान परके होते.

म्हणून आपल्या मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली सूचना इंग्रजीपुरती. अडलेला शब्द नुसता अर्थासह घोकू नये. तो कोणत्या कुळातला, हे आधी पाहावे. लांबलचक असेल तर त्याचे तुकडे पाडावेत. ग्रीक-लॅटिनचे साठ-सत्तर तुकडे पाठ केले, तर शेकडो शब्द आपोआप उलगडतात. आखूड आणि आडमुठा असेल तर तो कोणत्या कारागिराचा, हे शोधावे. आणि परदेशी वाटला तर एकदा आपल्या अंगणातही डोकावून पाहावे.

दुसरी सूचना आपल्या शब्दांसाठी. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावातले पन्नास शब्द जमवावेत. एका कार्डावर एकच शब्द. त्याखाली अर्थ, गावाचे नाव, तो कोणत्या कामात वापरतात ते, आणि सांगणाऱ्याच्या तोंडचे एक पुरे वाक्य, जसे तो बोलला तसे. वस्तू असेल तर तिचे साधे चित्र. सुतार, लोहार, कुंभार, जिनातले कामगार, केळीच्या मळ्यातले गडी, बाळंतिणीची व्यवस्था पाहणाऱ्या आज्या. कुणालाही वगळू नये. शंभर विद्यार्थ्यांनी पन्नास शब्द आणले तर पाच हजार कार्डे होतील. पुन्हा आलेली वगळली तरी हजार-दीड हजार खास उरतील. आपल्या ग्रंथालयात त्यासाठी एक खण मिळावा आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही विभागांतल्या प्राध्यापकांनी ती कार्डे तपासून लावून द्यावीत, अशी माझी विनंती आहे. मरे यांचे कामही पहिल्या दिवशी एका चिठ्ठीनेच सुरू झाले असणार.

घरी जी माणसे आहेत, त्यांच्याजवळचे शब्द त्यांच्यासोबतच आहेत. पंप येण्याआधी मोट हाकलेले हात आता थोडेच उरले आहेत. इंग्रजी शब्दकोश उद्याही मिळेल, परवाही मिळेल. म्हणून सुटीतले पहिले कार्ड घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसून लिहावे.